लाभ, दोन, तीन

"ह्या बाईला एकसुद्धा येत नाही का हो?"

मॅडमनी मला विचारलं. हसत विचारलं. हातातला मोबाइल त्या बाईच्या तोंडासमोर तसाच धरलेला होता, कारण शूटिंग चालू होतं. ती बाई प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर बसली होती. खुर्चीत टेकून बसायची तिला सवय नव्हती. मांडीवर टॅबलेट. टॅबलेटवर दहा बांगड्यांचं चित्र आणि त्यावर भली मोठी लाल फुली. तिसऱ्यांदा आलेली.

मी म्हणाले, "नाही मॅडम. नवीन आहेत त्या."

आणि मीही हसले.

त्या नवीन नव्हत्या. पाच महिने वर्गाला येत होत्या, एक दिवस चुकवला नव्हता. मुळात त्या 'त्या' नव्हत्याच. ती माझी आई होती. हे त्या खोलीत मॅडम सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा बायका बसल्या होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. माझं गुपित त्यांनी माझ्यापेक्षा जास्त इमानाने सांभाळलं.

आपल्या माणसाला नाकारायला फार काही लागत नाही. पाच शब्द पुरतात. मी ते अगदी शुद्ध मराठीत उच्चारले.

आम्ही खारवी. माझा जन्म बंदराला लागून असलेल्या मिरकरवाड्यातला. वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. आई मासे विकायची, अजूनही विकते. सकाळी बंदरावरच्या लिलावात म्हावरं घ्यायचं, बर्फ घालायचा, पाटी भरायची आणि मिरजोळ्याला एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला बसायचं. दुपारी पाटी रिकामी झाली की घर. आयुष्यभर हेच.

मी पहिलीत गेले त्या आठवड्यातच आमच्या बाईंनी मला उचलून खिडकीपाशी बसवलं. "वारा लागू दे हिला," म्हणाल्या. सगळा वर्ग नाकाला हात लावून हसला. चौथी संपेपर्यंत मी त्याच खिडकीत होते. पावसात पाणी आत यायचं, वह्या भिजायच्या, पण माझी जागा काही बदलली नाही.

मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी आईनं माझा शाळेचा ड्रेस गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या शिंपिणीकडे नेऊन ठेवला. आमच्या घरात ठेवला तर वास लागणार ना. मग मी रोज सकाळी आंघोळ करून शिंपिणीकडे जायची, तिथे ड्रेस घालायची आणि तिथूनच शाळेत. संध्याकाळी परत तिथे उतरवायची. चार वर्षं माझा ड्रेस आमच्या घरात आला नाही. आई मला शाळेच्या कपड्यात जवळ घ्यायची नाही. लांबूनच बघायची. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. लाज ही अशी लहानपणी अंगात शिरते आणि मग आपलीच होऊन बसते.

मी डी.एड. झाले. सरकारी नोकरीची वाट बघून बघून वय उलटलं. लग्न झालं, बंदरापासून दूर, वर नाचणे भागात ब्लॉक घेतला. तिथे शेजारणींना मी सांगत असे, माहेर बंदराच्या बाजूला. बाजूला म्हणजे कुठे, हे कधी सांगितलं नाही.

मग एका संस्थेनं मोठ्या वयाच्या बायकांसाठी साक्षरता वर्ग काढला. दुपारी तीन ते साडेचार. मासेवाल्या बायका तोवर मोकळ्या होतात म्हणून तीच वेळ. त्यांना स्थानिक शिक्षिका हवी होती, मला घेतलं. मी घरोघर फिरले. दहा घरी दहा सबबी ऐकल्या. कोणी म्हणाली, आता काय मसणात नेऊन वाचायचंय? आणि जिला मी विचारलंही नव्हतं, ती स्वतःहून आली. माझी आई.

तिला वाचायला हवं होतं ते होड्यांसाठी. माझा धाकटा भाऊ 'रत्नमाला' नावाच्या होडीवर जातो. पूर्वी प्रत्येक होडीचा रंग वेगळा असायचा. आई धक्क्यावरून नुसत्या रंगावरून सांगायची, ही अमक्याची, ती तमक्याची. आता सगळ्या होड्यांना सारखाच रंग. लांबून सगळ्या एकसारख्या दिसतात. वारा उठला, होड्या परत फिरल्या की धक्क्यावर बायका उभ्या राहतात आणि आईला शेजारचीला विचारावं लागतं, कुठली आली. एकदा त्या शेजारचीला आपलाच जीव भारी झाला होता, ती आईवर खेकसली. तेव्हापासून आईच्या मनात होतं. "नावं वाचता आली की कोणाच्या तोंडाकडे बघायला नको," एवढंच ती म्हणाली.

मला ती वर्गात नको होती. हे लिहायला हात जड होतो, पण खरं आहे ते आहे. मी तिला नाही म्हणू शकले नाही. एक अट घातली. तिथे मला नावानं हाक मारायची नाही, गो म्हणायचं नाही, तू म्हणायचं नाही. इतरांसारखं बाई म्हणायचं.

"बाई म्हणू? म्हणीन की," आई म्हणाली. "तू बाई झालीस, त्यात मला कसला कमीपणा?"

मी लाजेपायी सांगितलं होतं. तिनं ते कौतुकानं घेतलं. वर्गात ती इतक्या आवडीनं "बाई" म्हणायची, की हलिमाचाची तिला चिडवायची, जरा दमानं घे, बाई पळून जात नाही. हलिमाचाची आमच्या आईची मैत्रीण. दोघी चाळीस वर्षं शेजारी पाट्या लावून बसतात, गिऱ्हाइकावरून भांडतात आणि एकाच डब्यातलं जेवतात.

पाटी-पेन्सिलीवर वर्ग बरा चालला होता. दिवाळीपर्यंत आईला अक्षरं यायला लागली. र आला, म आला, ल आला. त्नपाशी गाडी अडली. "ह्यो दोघांचा एकच पाय कसा काय?" म्हणायची. मी म्हटलं, येईल.

जानेवारीत टॅबलेट आले.

संस्थेला तीन वेगवेगळी साधनं तपासायची होती. त्यातलं एक पुढे जिल्हाभरच्या वर्गांसाठी निवडायचं होतं. तपासायची मी. माझ्या पदाला पहिल्यांदाच एक भारदस्त शब्द चिकटला, मूल्यमापन. दोन पानी फॉर्म होता. एका पानावर साधनाचे गुण, दुसऱ्या पानावर शिकणाऱ्या बाईचे. पुण्याहून मॅडम दर पंधरा दिवसांनी यायच्या. वाईट नव्हत्या हो. गोड बोलायच्या, येताना माझ्यासाठी बाकरवडी आणायच्या, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे काम चाललंय" म्हणायच्या. पुढे सगळ्या वर्गांवर एक समन्वयक नेमायचा आहे, तेव्हा तुमचं नाव डोक्यात आहे, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. मी हुरळले. मी बायकांना सांगितलं, साबणानं हात धुऊन या, पावडर लावून या, बाहेरची माणसं येतात. त्या बिचाऱ्या पावडर लावून आल्या. खिडकीतली मुलगी आता दुसऱ्यांना खिडकीत बसवत होती.

पहिल्या दिवशी संमतीपत्रं आली. फोटो, आवाज, व्हिडिओ वापरायला हरकत नाही, असं काहीसं. बायकांनी मजकूर विचारला, मी म्हटलं, काही नाही, नेहमीचं असतं. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. आईचा अंगठा मी स्वतःच्या हातानं शाईवर दाबला.

पहिलं साधन बोटानं अक्षर गिरवायचं. काचेवर अक्षर येतं, त्यावरून बोट फिरवायचं. आता ह्या बायकांची बोटं बघा. रोज बर्फात, मिठाच्या पाण्यात, विळीवर. बोटांची कातडी जाड, गुळगुळीत, चिरा पडलेली. काच त्यांचं बोट ओळखेना. त्या दाबून बघायच्या. मॅडम म्हणायच्या, हलक्या हातानं आजी, हलक्या हातानं, फुटेल. आणि प्रत्येकीनंतर लिंबाच्या वासाचा ओला कागद काढून काच पुसायच्या. प्रत्येकीनंतर. बायकांच्या देखत.

हलिमाचाचीनं कंटाळून टॅबलेट उचलला आणि नाकाच्या शेंड्यानं र काढला. चक्क निघाला. "नाक चालतंय गो, नाक!" सगळ्याजणी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आईसुद्धा. मॅडमचा चेहरा मात्र आंबट झाला. त्यांनी दोन कागद काढले.

त्या दिवशी मी हिंमत करून म्हटलं, की मॅडम, काच ह्यांची बोटं घेत नाही, हे फॉर्मवर लिहू का? त्या हसून म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं, असं नको ना व्हायला. बाकी ठिकाणी व्यवस्थित चालतंय." अंगण खरंच वाकडं होतं. पण मी मूग गिळले. साधनाला पाचपैकी चार दिले. शिकणाऱ्या बायकांपुढे लिहिलं, प्रगती मंद.

दुसरं साधन म्हणजे चित्रं आणि गाणी. ब बदकाचा. ह्या बायकांनी बदक जन्मात पाहिलं नसेल, ब म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर बांगडा येतो. उत्तर बरोबर आलं की फुगे उडायचे आणि एक बारीक आवाज म्हणायचा, शाब्बास बाळा. साठीच्या बाईला. चाची म्हणाली, घरी जाऊन नातवाला सांगते, तुझी आजी बाळ झाली, आता तू रांध. हसण्यावारी गेलं तेही. त्यालाही मी चार दिले.

तिसरं बोलायचं होतं. आपण बोलायचं, यंत्र ऐकणार. बोट नको, काच पुसणं नको. मला वाटलं, हे जमेल. आईला तर नक्कीच जमेल, आकडे तिला तोंडपाठ आहेत. मॅडम शूटिंग करणार म्हणाल्या तेव्हा मीच आईला पुढे बोलावलं. मनात कुठेतरी होतं की आपली आई चमकू दे. नाव न सांगता चमकू दे.

पडद्यावर दहा बांगडे आले. यंत्र म्हणालं, मासे मोजा.

आई म्हणाली, "लाभ, दोन, तीन, चार," आणि एका दमात दहापर्यंत गेली. एक मासा चुकला नाही.

लाल फुली. पुन्हा प्रयत्न करा.

आमच्याकडे मोजताना एक म्हणत नाहीत. पहिला मासा लाभ. तिथून दोन, तीन. खळ्यात भात मापतानाही जुनी माणसं असंच म्हणतात. एक म्हणून सुरुवात केली तर बरकत जाते, अशी समजूत. समजूत सोडून द्या हवी तर. पण आईचं तोंड पन्नास वर्षं तसंच वळलेलं आहे. मीही लहानपणी तसंच मोजायची. शाळेत गेल्यावर एक म्हणायला शिकले आणि लाभ कुठे सांडला ते कळलंही नाही.

मॅडम म्हणाल्या, "आजी, एकपासून म्हणायचं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मी सांगेन. बाई आहे ना मी. मला माहीत होतं, मी सांगायला हवं होतं, एक वाक्य पुरलं असतं. मी फॉर्मकडे पाहिलं.

ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, बहिऱ्याला सांगतात तसं. लाभ. फुली. तिसऱ्या वेळी तिनं प्रयत्न केला. "ए" एवढं तोंडातून आलं आणि ती थांबली. चित्रातले का असेनात, मासे होते ते. भाऊ त्या दिवशी दर्यावर होता. मासे समोर ठेवून अपशकुन कसा करायचा? ती हळूच म्हणाली, "लाभ."

फुली.

आणि मग मॅडमनी मला ते विचारलं. आणि मी ते उत्तर दिलं.

आईनं टॅबलेट मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. अगदी हलक्या हातानं. पदर सारखा केला आणि म्हणाली, "येते बाई." रोज वर्ग सुटल्यावर ती कोपऱ्यावरच्या वडाखाली माझ्यासाठी थांबायची. लोक पांगले की मला पिशवीतून काहीतरी द्यायची, दोन बोंबील, मूठभर कोळंबी. त्या दिवशी वडाखाली कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी मी घरी गेले. ती दारात विळीवर सौंदाळे साफ करत होती. मला पाहून उठली. हात धुतले.

"या बाई. बसा."

मी म्हटलं, आई, इथे कोणी नाही. तर म्हणाली, हो, नाय कोणी. आत जाऊन तिनं चहा टाकला आणि बशीसकट कप आणला. तो कप पाहुण्यांचा. लहानपणी आम्हाला त्याला हात लावायची बंदी होती. मी म्हटलं, माझं चुकलं, मला माफ कर. ती समोर उकिडवी बसली होती. रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर मी पाय धरले असते.

"तुमचं काय चुकलं?" ती म्हणाली. "मला येत नाय, म्हणून तुम्ही नाय म्हणालात."

तुम्ही. माझी आई मला तुम्ही म्हणाली, आमच्याच ओट्यावर, आम्ही दोघीच असताना. माझीच अट होती. आई आता ती पाळत होती. मी चहा तसाच ठेवून उठले. बंदरापासून वर चढून येईपर्यंत मी रस्त्यानं रडत होते, आणि तरीही, काय सांगू, नाचण्याच्या वळणावर मी तोंड पुसलं, कोणी ओळखीचं भेटेल म्हणून.

मार्चमध्ये संस्थेच्या हॉलमध्ये शेवटची बैठक झाली. विश्वस्त, मॅडम, साधनं बनवणाऱ्या कंपन्यांची दोन माणसं आणि मी. बायकांना बोलावलं नव्हतं. त्यांचं काय काम? भिंतीवर मोठा पडदा लावला होता. त्यावर ओळी येत होत्या. ज्येष्ठ विद्यार्थिनी, मूलभूत क्षमता अत्यल्प. साधनं समाधानकारक. शिफारस अशी, की हा वर्ग बंद करून टॅबलेट लहान मुलांच्या वर्गांना द्यावेत. पुराव्याला माझेच फॉर्म होते. माझेच चार-चार गुण, माझंच 'प्रगती मंद'.

मग मॅडम म्हणाल्या, एक छोटीशी क्लिप दाखवते, म्हणजे तुम्हाला पातळीचा अंदाज येईल.

भिंतभर माझ्या आईचा चेहरा. गालावर पावडर, ओघळलेली. तिची नथ. तिचे ओठ. लाभ.

"लाभ?" एक विश्वस्त म्हणाले. "मग शुभ कुठे गेलं?"

हॉल हसला. मॅडम हसल्या. आणि तेवढ्यात त्या क्लिपमधूनच आवाज आला, "नाही मॅडम. नवीन आहेत त्या." आणि त्यामागोमाग एक हसणं. बारीक, नीटनेटकं, लाचार. माझं.

स्वतःचं हसणं मी असं बाहेरून कधी ऐकलं नव्हतं. मला ते पहिलीच्या वर्गातलं वाटलं. नाकाला हात लावून हसणाऱ्या पोरांमध्ये मीही बसले होते, आणि खिडकीत आई होती.

मुख्य विश्वस्तांनी, आम्ही त्यांना सर म्हणायचो, कागद माझ्याकडे सरकवला. शिक्षिकेचा अभिप्राय, खाली सहीची जागा. "करा सही बाई, जेवायला उशीर होतोय."

मी उभी राहिले. मी काही भाषण केलं नाही. मला येत नाही.

मी म्हणाले, "ती माझी आई आहे. तिला एक येतं. तुमच्या यंत्राला लाभ येत नाही."

मग मॅडमना खरंच वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "अहो, आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलं असतं," मी म्हटलं, "तर तुम्ही दुसऱ्या कोणाच्या आईला हसला असतात."

मी कागद ओढून घेतला. सगळ्यांसमोर उभ्यानं लिहिलं. याआधी मी दिलेले सर्व गुण खोटे आहेत. पहिलं साधन काम करणाऱ्या बाईचं बोट ओळखत नाही. दुसरं साठीच्या बाईला बाळ म्हणतं. तिसऱ्याला इथली मोजणी ऐकू येत नाही. तिन्ही नापास. विद्यार्थिनींची परीक्षा झालेलीच नाही. खाली सही केली. माहेरचं नाव, गाव, मिरकरवाडा, सगळं लिहिलं.

मग मी क्लिप पुसून टाका म्हटलं. सर म्हणाले, भावनिक होऊ नका, संमती घेतलेली आहे. फाईल उघडून त्यांनी कागद दाखवला. आईचा अंगठा. स्पष्ट उठलेला, कारण मी नीट दाबून घेतला होता. ती क्लिप आज कुठे आहे, मला माहीत नाही. मी तीन वेळा लेखी मागणी केली. उत्तर नाही. कुठल्यातरी शहरात कुठल्यातरी हॉलमध्ये कोणीतरी माझ्या आईला हसत असेल, आणि शेवटी मलाही ऐकत असेल.

पुढच्या सोमवारी खोलीला कुलूप होतं. मला घरी बसवलं. नवरा म्हणाला, नाकानं कांदे सोलायला तुला कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, लहानपणापासून लोकच मला बघून नाक धरत आलेत, एकदा मी माझं वापरलं.

आता वर्ग बंदरावर भरतो. जाळी विणायच्या शेडमध्ये, त्याच वेळेला, तीन वाजता. बसायला मासळीचे उपडे क्रेट. हलिमाचाची आली, तिच्यामागून सहाजणी आल्या. बाकीच्या नाही आल्या, त्यांचा माझ्यावर विश्वास नाही आणि तो का असावा? शिकायची पहिली वस्तू होड्यांची नावं. समोरच लागलेल्या असतात, पुस्तक लागत नाही. मोजायचं लाभपासून. एक कुठे म्हणायचं, बँकेत, दवाखान्यात, तेही शिकवते. पण ते दुसरं.

मी यंत्रांच्या विरुद्ध नाही. चाचीच्या नातवानं मोबाइलवर एक शिकवायचं साधन आणून दिलं. आम्ही ते क्रेटवर ठेवून आठ दिवस वापरलं. रोज शेवटी बायकांनी गुण दिले. बोट घेतं का? हो. मोठ्या माणसाशी मोठ्या माणसासारखं बोलतं का? नाही. चाचीनं त्या साधनाच्या नावापुढे खडूनं फुली मारली, भली मोठी, आणि खडूचे हात लुगड्याला पुसले.

आई येत नाही.

गेल्या आठवड्यात दुपारीच वारा फिरला. होड्या परत यायला लागल्या. धक्क्यावर बायका जमल्या, मी वर्ग सोडून गेले. आई पुढे उभी होती. तिच्यामागे दहा पावलांवर मी. एक होडी वळून आत आली, पुढच्या फळीवर नाव ठळक लिहिलेलं. आईनं मान वळवली. मला पाहिलं. तिला ठाऊक होतं की मला वाचता येतं, मी सांगेन. तिनं मान परत वळवली आणि बर्फाची गाडी घेऊन चाललेल्या एका अनोळखी माणसाला विचारलं, "कुठली ओ आली?"

"रत्नमाला," तो जाता जाता म्हणाला.

आईनं हात जोडले. मग माघारी फिरली. अरुंद जागा होती. ती अंग चोरून बाजूला झाली, मला वाट दिली आणि म्हणाली, "जावा बाई."

मला माफी मिळणार नाही. मी आता मागतही नाही. माफीवर काही अडलेलं नाही. मी ठरवलंय ते दुसरंच. ह्या बंदरातून ह्या बायकांना गुण देणारा कागद माझ्या सहीनं पुन्हा जाणार नाही. इथे नवं यंत्र घेऊन जो येईल, पुण्याहून येवो नाहीतर परदेशातून, त्यानं आधी क्रेटवर बसायचं. हलिमाचाचीसमोर दहा बांगडे मोजायचे. एकपासून सुरू केलं तर फुली. गुण ह्या बायका देतील, यंत्राला आणि ते आणणाऱ्यालाही. मलासुद्धा.

आणि कोणी विचारो न विचारो, मी आधीच सांगते. ती तिथे धक्क्यावर पाटी घेऊन उभी आहे, ती माझी आई. तिला मोजता येतं.